दोन तोवर

समजा, तुमच्यासमोर दोनशे पानी कोरी वही आहे. हातात पेन आहे. आणि तुम्हाला एक गोष्ट सिद्ध करायची आहे, की साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्या कधीच एकमेकींत अडकून बसणार नाहीत. काल अडकल्या नव्हत्या, आज अडकल्या नाहीत, एवढ्यावर भागणार नाही. कधीच नाही, हे दाखवायचं आहे.

यार्ड लहान आहे. आत चाळीस गाड्या मावतात. वजनकाटा एकच. भरली गाडी चढावरून काट्यावर येते, वजन करून आत जाते आणि गव्हाणीत ऊस टाकते. पट्टा जिथून ऊस उचलून चरकाकडे नेतो, त्या खड्ड्याला गव्हाण म्हणतात. मग रिकामी होऊन ती गाडी अरुंद गल्लीतून पुन्हा त्याच काट्यावर येते, रिकामं वजन करते आणि बाहेर पडते. आता आत चाळीस गाड्या असताना एकेचाळिसावी काट्यावर चढली तर? तिला पुढे जागा नाही. आतल्या रिकाम्या गाडीला काटा मोकळा नाही. ही तिच्यासाठी थांबली आणि ती हिच्यासाठी. मागे घ्या म्हणाल, तर भरली बैलगाडी मागे जात नाही. बैलांना पुढे ओढायचं माहीत असतं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, चाळीस झाल्या की बाहेर लाल दिवा लावायचा. बरोबर आहे. आता ते सिद्ध करा. प्रत्येक गाडी भरलेली किंवा रिकामी, रांगेत किंवा काट्यावर. दिवा लाल किंवा हिरवा. आतली घंटी वाजलेली किंवा न वाजलेली. अशा किती परिस्थिती होतात, एकीतून दुसरीत कसं जाता येतं, आणि जिच्यातून कुठेच जाता येत नाही अशी एखादी आहे का, ते शोधा. पहिल्या पानावरच तुम्ही पेन खाली ठेवाल.

आडे सरांनी ठेवलं नाही. ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असं ते स्वतः म्हणतात.

वसमतला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर, जगन रतनसिंग आडे यांचा कॉम्प्युटर क्लास आहे. २००६ साली मी तिथे शिकायला जात होतो. सात मशीन होत्या, त्यातल्या पाच चालायच्या. एके दिवशी दोन मशीन एका प्रिंटरवरून भांडायला लागल्या आणि दोन्ही गोठल्या. आम्ही हसलो. एका मित्राने बंद करायच्या बटणाकडे हात नेला, तसे सर ओरडले, "हात लावू नको! आधी बघ, कोण कोणासाठी थांबलंय." एवढं बोलून ते खाली गेले आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. त्या दिवशी क्लास झाला नाही.

पुढच्या दोन वर्षांत त्यांनी तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते मी इथे लिहितो आहे. त्यांना विचारून लिहितो आहे.

सरांचा तांडा कुरुंद्याच्या अलीकडे, माळावर. घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोली बोलतात. त्यांचं बोलणं मी मराठीतच लिहितो, कारण त्यांनी मला ते मराठीतच सांगितलं. वडील रतनसिंग, आई पारुबाई, थोरला भाऊ धनसिंग. दिवाळी झाली की तांड्यातल्या दहा गाड्यांची टोळी कारखान्यावर जायची, ती उन्हाळा लागल्यावर परत यायची. तोवर पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं, पहाटे फडात ऊस तोडायचा आणि दिवसा गाडी यार्डात न्यायची. रतनसिंग टोळीचे पुढारी. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे. त्या धंद्याला लदेणी म्हणत. धंदा कधीच संपला, पण त्याचा एक नियम रतनसिंगांनी टोळीला लावून ठेवला होता. "मागचा बैल दिसल्याबिगर पुढचा हलत न्हाई." दहा गाड्या एकत्र यायच्या आणि दहा गाड्या एकत्र जायच्या. एखाद्याचं चाक निखळलं, बैल लंगडला, तर रस्त्यात एकटा कोणी राहायचा नाही.

सर नऊ वर्षांचे असताना यार्ड दोन दिवस अडकलं होतं. बैल जुंपलेले उभे. सोडले तर जागा जाईल म्हणून कोणी सोडेना. पारुबाई घागर घेऊन गाड्यांच्या खालून वाकत वाकत जायची आणि बैलांच्या तोंडाला पाणी लावून यायची. दुसऱ्या दुपारी टोळीतला एक बैल खाली बसला आणि उठला नाही. सर तेव्हा उसाच्या मोळ्यांवर, गाडीच्या शेंड्यावर बसले होते. "वरून मला सगळं दिसत होतं," ते म्हणाले. "ती गाडी हिच्यासाठी, ही त्या ट्रकसाठी, ट्रक काट्यासाठी, काट्यावरची गाडी पुन्हा त्या पहिलीसाठी. गोल. खाली उभ्या माणसांना फक्त पुढच्याची पाठ दिसत होती. मी ओरडून सांगत होतो. लेकराचं कोण ऐकतं?"

धनसिंगाने चौथीत शाळा सोडली. दोघांना शिकवणं जमणार नव्हतं आणि गाडीवर एक माणूस पाहिजे होता. "मला फळा दिसतच न्हाई नीट," असं त्याने घरी सांगितलं. त्याला लांबचा बगळासुद्धा दिसायचा. सर परभणीला बी.एस्सी. झाले आणि १९९७ला एम.एस्सी.ला नांदेडला गेले.

नांदेडच्या होस्टेलवर कोणी विचारलं, वडील काय करतात, तर सर सांगायचे, "ट्रान्सपोर्ट."

"किती गाड्या?"

"दहा."

ते खोटं नव्हतं, असं ते आजही म्हणतात आणि मान फिरवतात. खोलीतली मुलं उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेला 'लमाणांची आगगाडी' म्हणायची. सरही हसायचे.

तिथल्या एका प्राध्यापकांनी त्यांना एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स दिली. विषय होता काळाचं तर्कशास्त्र. साध्या तर्कशास्त्रात विधान खरं असतं किंवा खोटं. इथे ते केव्हा खरं, हेही लिहिता येतं. त्यासाठी थोडीच चिन्हं आहेत. चौकोन काढला की 'सदा'. तोच चौकोन पतंगासारखा टोकावर उभा केला की 'कधी ना कधी'. आणि दोन विधानांच्या मध्ये एक अक्षर टाकलं की 'तोवर'. एवढ्या सामानावर, एकाच वेळी चालणारी अनेक कामं एकमेकांत अडकणार नाहीत, हे सिद्ध करता येतं. 'सदा असं असेल, की जो थांबलाय तो कधी ना कधी निघेल.' सर म्हणाले, ते वाक्य पहिल्यांदा चिन्हांत वाचलं तेव्हा त्यांना मोळ्यांवर बसल्यासारखं वाटलं. सगळं यार्ड वरून दिसत होतं, आणि या वेळी लोकांना ऐकावं लागणार होतं.

प्रबंधासाठी त्यांनी तेच यार्ड घेतलं. पण प्रबंधात यार्ड म्हणजे 'सामायिक साधन', आणि गाड्या म्हणजे 'प्रक्रिया एक', 'प्रक्रिया दोन'. बैल कुठेच नाहीत. नियम दोन होते. पहिला, चाळीस भरल्या की बाहेर लाल. दुसरा नियम काट्यावर भरली आणि रिकामी समोरासमोर येऊ नये म्हणून होता. रिकामी गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन घंटीचं बटण दाबेल, आणि ती काट्यावरून जात नाही तोवर बाहेर लाल राहील.

इथे तो शब्द आला.

आपण मराठीत म्हणतो, 'जोवर तो येत नाही, तोवर मी बसतो.' यात तो येईलच असं कुठे आहे? तो कधीच आला नाही तरी वाक्य खोटं होत नाही. मी बसूनच राहीन. आपल्या 'तोवर'मध्ये कोणी कोणाला वचन दिलेलं नसतं. पुस्तकातला 'तोवर' तसा नाही. पुस्तकातला 'तोवर' वापरला, की तो येणारच हे त्यात आधीच धरलेलं असतं. तसं धरायचं नसेल तर दुसरा, कच्चा 'तोवर' असतो, त्याचं चिन्ह वेगळं. सरांनी नियम मराठीत मनात म्हटला आणि कागदावर पुस्तकातला पक्का 'तोवर' लिहिला. त्या एका अक्षराने त्यांना फुकटात मिळालं, की घंटी वाजवलेली रिकामी गाडी कधी ना कधी निघतेच. मग पुढची सगळी सिद्धता उतारावरच्या गाडीसारखी पळाली. एकशे बारा पानं.

तोंडी परीक्षेला होस्टेलची मुलंही ऐकायला बसली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, "रिकामी गाडी काट्यावर येईलच, हे तुम्ही गृहीत धरलंय. कशावरून?"

सर म्हणाले, "सर, रिकाम्या गाडीला थांबायचं कारणच काय?"

सगळे हसले. परीक्षकही हसले आणि त्यांनी सही केली.

१९९९ला, परभणीतून आमचा जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, सर त्या कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. तालुक्याच्या हद्दीवरचा तो लहान कारखाना आता बंद आहे. दोन वर्षं त्यांनी यार्डाच्या साहेबामागे धोशा लावला आणि २००१च्या गळीत हंगामाला दिवे बसले. एक जुना कॉम्प्युटर, चढाच्या डोक्यावर लाल-हिरवा दिवा, आतल्या गल्लीच्या तोंडाशी बटण. गल्ली आणि चढ यांच्यामध्ये पुरुषभर उंच भिंत. त्या भिंतीवरून वायर गेली.

फाटक सांभाळायचे मसाजी. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, गळ्यात शिट्टी, हातात लाल फडकं. दिवे बसवत होते तेव्हा ते कंबरेवर हात ठेवून बघत होते.

"ह्यो डबा आता शिट्टी वाजवणार व्हय?"

"शिट्टी न्हाई मामा, दिवा."

"मंग आंधळ्यानं काय करावं?"

"आंधळा गाडी कुठं हाकतो?"

"यार्डसाहेबाला इचार. तीन वर्सं झाली, हाकून राहिले."

सगळे हसले. मग मसाजी जवळ आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "जगन, एक ध्यानात ठेव. टोळी तोडू नको."

"म्हणजे वशिलाच ना मामा? एका टोळीच्या दहाच्या दहा गाड्या तुमी आत घेता, अन् मागचा ट्रकवाला ओरडत बसतो. आता ज्याचा नंबर त्याला हिरवा. बराबर?"

"नंबर बराबर हाय," मसाजी म्हणाले. "पर टोळी तोडू नको. मेंढरं मोजून न्हाई, कळपानं जातात."

सरांना वाटलं, दिवे आले तरी म्हातारा फाटकावरचा हक्क सोडत नाही.

तीन महिने यार्ड एकदाही अडकलं नाही. यार्डसाहेबाने चहा पाजला. धनसिंग कोपीत सगळ्यांना सांगत सुटला, "आमच्या भियानं, धाकल्या भावानं, लिवून दिलंय. कागदावर. आता बैल उभा राहणार न्हाई." सरांनी सहा महिने खपून लिहिलेलं त्याला वाचता येत नव्हतं, पण ती वही एकदा हातात घेऊन त्याने तिचं वजन करून पाहिलं होतं. "चांगली जड हाय," असं म्हणाला होता.

फेब्रुवारी संपत आला होता. सोमवार. मसाजी रजेवर होते, कनेरगाव नाक्याला पुतणीच्या लग्नाला. ही गोष्ट सरांना त्या दिवशी महत्त्वाची वाटली नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला रतनसिंगांची टोळी चढावर आली. नऊ गाड्या आत गेल्या आणि आतला आकडा चाळीस झाला. दिवा लाल झाला. दहावी गाडी धनसिंगाची. ती चढावरच, दिव्याखाली, सगळ्यात पुढे उभी राहिली. मागे ट्रॅक्टरची भरली ट्रॉली येऊन थांबली. गव्हाणीवर बैलगाड्यांची रांग ट्रकांपेक्षा वेगळी होती, म्हणून आतल्या चाळीसांत रतनसिंग पहिले रिकामे झाले. गल्लीच्या तोंडाशी आले. नवीन शिकवलं होतं तसं बटण दाबलं. काटा मोकळा होता. पण रतनसिंग निघाले नाहीत. त्यांनी मागे वळून बघितलं आणि गाड्या मोजल्या. आठ. एक कमी. कासरा ओढून ते थांबले.

बटण दाबलं म्हणून बाहेरचा लाल दिवा तसाच राहिला. रतनसिंग काट्यावरून जाईपर्यंत तो हिरवा होणार नव्हता. धनसिंग आत येईपर्यंत रतनसिंग जाणार नव्हते. एक 'तोवर' भिंतीच्या या बाजूला होता आणि एक त्या बाजूला.

गल्ली एका गाडीच्या रुंदीची. मागे रिकाम्या गाड्या आणि ट्रक साचत गेले. गव्हाणीपाशीच सगळं तुंबलं.

"ओ चाचा, सो गये क्या? निकालो ना!" मागून ट्रकवाला ओरडला.

"आमची एक गाडी मागं हाय," रतनसिंग म्हणाले. "येऊनच राहिली असंल."

बटणाचा आणि बाहेरच्या दिव्याचा संबंध रतनसिंगांना कोणी सांगितला नव्हता. गाडीवाल्यांना सांगायची गरज कोणाला वाटली नव्हती. बाहेर धनसिंगाला दिवा दिसत होता, भिंतीपलीकडचा बाप दिसत नव्हता. त्याची बायको सुनिता सासऱ्याला सांगायला म्हणून फाटकाशी गेली. मसाजींच्या जागी बसवलेला नवा वॉचमन म्हणाला, "बायांना आत मनाई हाय. दिवा बघा अन् उभे ऱ्हा." कारखान्यात तीनशे माणसं होती. त्यांतल्या काहींना दिव्याचा नियम माहीत होता आणि काहींना तांड्याचा. दोन्ही माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तो केबिनमध्ये बसला होता.

साडेअकराला यार्डसाहेब आत आला. "आडे, चरक रिकामा फिरून राहिला. हातानं हिरवा कर."

"साहेब, हात लावू नका. आत चाळीस आहेत. एक जरी काट्यावर आली तर दोन दिवसांची कोंडी होईल."

"मग आतली काहून निघंना?"

"निघेल. घंटी वाजलीय. घंटी वाजली म्हणजे निघतेच."

"कोण म्हणतं?"

सरांनी वहीवर हात ठेवला. "सिद्ध केलंय, साहेब."

साहेब वहीकडे बघत राहिला आणि निघून गेला. मग सर वायर तपासत बसले. बटणाची पट्टी, दिव्याचा जोड, प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ. कुठेही चूक नव्हती. सगळं सांगितल्याप्रमाणे चाललं होतं. एक वाजला. त्यांनी वही उघडून पहिल्यापासून वाचायला घेतली. चाळीस पावलांवर जाऊन गल्लीत बघावं, हे त्यांना पावणेदोनपर्यंत सुचलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी वडिलांची गाडी बघून ते थबकले.

"बा? काहून थांबलास?"

"धनसिंग मागं हाय," रतनसिंग म्हणाले. जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

सर म्हणतात, त्या तीन शब्दांनी एकशे बारा पानं एकदम कोरी झाली. "बा, तू निघ! तू गेल्याबिगर त्याचा दिवा हिरवा होत न्हाई! तुझ्यामुळं थांबलाय तो!"

रतनसिंगांनी एक क्षण पोराकडे बघितलं. मग बैलांच्या पाठीवर हात मारला. गाडी काट्यावर चढली.

काट्यावरून चढ दिसतो. रतनसिंगांनी तिथून जे पाहिलं ते असं. जवळजवळ चार तास जू मानेवर घेऊन उन्हात, चढावर उभा असलेला धनसिंगाचा डावा बैल गुडघ्यावर बसला. गाडी मागे सरकली. चाकाखालचा दगड निसटला होता, तो पुन्हा लावायला धनसिंग मागे गेला होता. त्याच्या पाठीशी ट्रॉली होती. भरली गाडी मागे जात नाही म्हणतात, ती हातभरच गेली.

काटेवाला ओरडला, "गाडी पुढं घ्या!" रतनसिंग गाडी तशीच सोडून धावले. बैल आपले आपण दोन पावलं चालून काट्यावरून उतरले. तेवढ्याने नियम पूर्ण झाला. चढाच्या डोक्यावर दिवा हिरवा झाला.

धनसिंग सरकारी दवाखान्यात पोचायच्या आतच गेला. सर सांगतात, "सूत्र खोटं ठरलं नाही. कधी ना कधी हिरवा होईल, असं लिहिलं होतं. झाला. कधी ना कधीला वेळेची अट नसते."

चौकशी झाली. तीत लिहिलं गेलं, की गाडीवानाने चाकामागे दगड नीट लावला नव्हता. दिव्यांबद्दल एक ओळही नव्हती. सरांनी स्वतः जाऊन सांगायचा प्रयत्न केला. चौकशीचा माणूस सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे मशीन बिघडली होती का?" सर म्हणाले, नाही. "माणसाने चुकीचं बटण दाबलं?" नाही. "मग लिहू काय?"

मसाजी लग्नावरून परतले ते थेट तांड्यावर आले आणि सरांसमोर उकिडवे बसले. बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"तीन महिने म्याच करत होतो," ते म्हणाले. "तुझा दिवा लाल व्हायच्या आत टोळीची शेवटची गाडी म्या आदी आत ढकलायचो. ट्रकवाल्याच्या शिव्या खायचो. तुला सांगितलं न्हाई. म्हटलं, पोरगं शिकलेलं हाय, येवढ्या कष्टानं केलंय, त्याला काहून वाईट वाटू द्यावं."

तीन महिने यार्ड अडकलं नव्हतं त्याचं कारण वहीत नव्हतं.

सरांनी नोकरी सोडली. त्या उन्हाळ्यात त्यांनी वही पुन्हा काढली आणि दुसऱ्या नियमातला पक्का 'तोवर' खोडून कच्चा लिहिला. सिद्धता तिसऱ्या ओळीवर थांबली. मग त्यांनी रीतीप्रमाणे प्रतिउदाहरण काढलं, म्हणजे कोणत्या पायऱ्यांनी सगळं बंद पडतं ते. अकरा पायऱ्या निघाल्या. ते पान मी पाहिलं आहे. पहिली पायरी: एकोणचाळिसावी आणि चाळिसावी आत. दुसरी: दिवा लाल. पाचवी: आतल्या पहिल्या रिकामीने घंटी वाजवली. सहावी: ती निघाली नाही. अकराव्या पायरीपुढे काही लिहिलेलं नाही. गणितात तिथे काही उरतच नाही. ते पान काढायला त्यांना एक दुपार लागली होती. प्रबंधाच्या वेळी ती दुपार त्यांच्याकडे होती.

सुनिता मुलीला घेऊन तांड्यातच राहते. सर दर पंधरवड्याला जातात. ती चहा देते, बोलत नाही. रतनसिंगांनी बैल विकले नाहीत, पण जुंपलेही नाहीत. दोन्ही गोठ्यात म्हातारे झाले.

वर्षभराने एकदा रतनसिंग कारखान्यावर चल म्हणाले. बापलेक दोघेच गेले. हंगाम संपला होता, यार्ड मोकळं होतं.

"बटण कुठं अन् दिवा कुठं, मला दाखव," रतनसिंग म्हणाले.

सरांनी दाखवलं. रतनसिंग बटणापासून निघाले आणि वायरीखालून, भिंतीच्या कडेकडेने, फाटकातून वळसा घालून दिव्यापर्यंत चालत गेले. पावलं मोजत गेले. बत्तीस भरली.

"येवढंच?" ते म्हणाले.



"बटण म्या दाबलं. थांबलो बी म्याच. त्याचं माझं म्या बघून घेईन," रतनसिंग म्हणाले. "पर मी अडाणी. मला तुझा दिवा म्हाईत नव्हता. तुला तर आमचं म्हाईत होतं. तू त्याच गाडीवर लहानाचा मोठा झाला."

त्यानंतर रतनसिंगांनी हा विषय कधी काढला नाही. सरांनी मात्र काढला, मला सांगताना, जिन्याच्या त्याच पायरीवर बसून. वर क्लासमध्ये मुलं टाइप करत होती. सर म्हणाले, पक्क्या-कच्च्या तोवरची चूक कोणाकडूनही होते, ती पुस्तकातसुद्धा सावध करून सांगितलेली आहे. त्याचं त्यांना उत्तर मिळालेलं आहे. त्यांना दुसरं विचारायचं आहे, आणि कोणाला विचारावं ते कळत नाही. परीक्षकांनी जेव्हा विचारलं, रिकामी गाडी निघतेच कशावरून, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे क्षणभर बा उभा राहिला होता, कासरा ओढून, मागे वळून गाड्या मोजणारा. हे त्यांना पक्कं आठवतं. समोर होस्टेलची मुलं बसलेली होती.

"मी ते विसरलो होतो," सरांनी मला विचारलं, "की त्या मुलांसमोर ते सांगायची मला लाज वाटली होती?"